पथ्यावरच्या मांजरीला खाऊ काय द्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या भुरीने दोन वर्षांपूर्वी मान खाजवून खाजवून रक्तबंबाळ केली आणि डॉक्टरांनी तिला आठ आठवडे पथ्यावर ठेवलं. तेव्हापासून ओळखीत कुणाची मांजर आजारी पडली की फोन आमच्याकडे येतो. पहिला प्रश्न औषधाचा नसतोच. "मग आता तिला खाऊ काय द्यायचा हो?" हाच असतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी पशुवैद्य नाही. निदान आणि मुख्य आहार डॉक्टरांनीच ठरवायचा. त्या आहाराला खाऊच्या वाटेने भगदाड पडू नये, एवढ्याचपुरतं हे लिखाण आहे.

पथ्य चालू असताना खाऊ द्यायचाच कशाला? बंदच करून टाकला तर?

पोषणाच्या दृष्टीने काहीही बिघडणार नाही. मांजरीला खाऊची गरज नसते, सवय असते. पण ती सवय मोडायला गेलात तर ती तुमच्या पायात घोटाळत राहते, दुसऱ्या दिवशी ओट्यावर चढते आणि तिसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी विरघळतं.

भुरी संध्याकाळी चहाच्या वेळी बिस्किटाच्या डब्याचं झाकण वाजलं की येऊन बसायची आणि बिस्किटाचा कोपरा मागायची. मांजरीला गोड चव कळत नाही. गोडाची चव ओळखणारा जिभेवरचा ग्राहक तयार करणारं जनुकच तिच्यात निकामी असतं. म्हणजे बिस्किटातल्या साखरेशी तिला देणंघेणं नव्हतं. झाकणाचा आवाज, आपण खाली बसणं आणि हातातून काहीतरी मिळणं, एवढंच तिला हवं होतं. आम्ही एका छोट्या स्टीलच्या डब्यात तिच्याच पथ्याच्या खाण्याचे दहाबारा दाणे भरून ठेवले. डबा तसाच वाजतो, वेळ तीच, आतला माल बदलला. पहिले दोन दिवस तिने हुंगून तोंड फिरवलं, नंतर खायला लागली.

ॲलर्जी आणि "पचत नाही" यात फरक काय?

ॲलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते. मांजरीत ती बहुतेकदा कातडीवर दिसते: डोकं, मान, कानांच्या आसपास खाज, बारीक खपल्या, पोटावरचे केस चाटून चाटून टक्कल. काहींना उलट्या किंवा पातळ शीही होते. न पचण्याचा प्रतिकारशक्तीशी संबंध नसतो. दूध पिऊन पोट बिघडणं हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

खाऊच्या बाबतीत हा फरक फार कामाचा आहे. न पचणारी गोष्ट चमचाभर गेली तर बऱ्याचदा खपून जाते, कारण तिथे प्रश्न मात्रेचा असतो. ॲलर्जीत नखाएवढा तुकडाही खाज परत आणू शकतो.

आणि एक. खाज दिसली की लगेच खाण्यावर संशय घेऊ नका, आधी पिसवा बघा. आपल्या हवेत पिसवांना बाराही महिने सुगीच असते. मात्र कुत्र्यासाठी आणलेलं पिसवांचं औषध मांजरीला चुकूनही लावू नका. त्यात पर्मेथ्रिन असेल तर तिच्या जिवावर बेतू शकतं.

धान्याचीच ॲलर्जी जास्त असते ना? 'ग्रेन-फ्री' खाऊ घेतला की झालं?

नाही, आणि हा गैरसमज पाकिटांनीच पसरवला आहे. २०१६ साली कुत्र्या-मांजरांच्या अन्न-ॲलर्जीच्या प्रसिद्ध नोंदींचा एक आढावा घेतला गेला. त्यातल्या ७८ मांजरींत गोमांस १८ टक्के, मासे १७ टक्के आणि चिकन ५ टक्के असा क्रम लागला. गहू, मका आणि दुधाचे पदार्थ त्यानंतर, प्रत्येकी ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे यादीच्या वरच्या जागा मांस-मासळीने अडवल्या आहेत. आपल्या दुकानांतल्या खाऊच्या पाकिटांवर नजर टाका: ट्यूना, सामन, चिकन, पुन्हा ट्यूना. त्यातलं 'ग्रेन-फ्री' पाकीट घेऊन मासळीची ॲलर्जी टळणार कशी?

रक्त, लाळ किंवा केस पाठवून "तुमच्या मांजरीला या २० गोष्टींची ॲलर्जी आहे" असं सांगणाऱ्या चाचण्याही मिळतात. अन्नाच्या ॲलर्जीसाठी त्या भरवशाच्या नाहीत. आहार बदलून बघणं हाच खात्रीचा मार्ग आहे आणि तो कंटाळवाणा आहे.

आठ आठवड्यांच्या चाचणीत एखादा तुकडा दिला तर चालेल का? इवलासाच?

नाही. इथे मी कडक आहे, कारण आमचा पचका इथेच झाला.

चाचणी अशी असते. मांजरीने आधी कधीच न खाल्लेलं प्रथिन, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं खास अन्न, एवढंच द्यायचं. आठ आठवड्यांपर्यंत ९० टक्क्यांहून जास्त ॲलर्जिक जनावरांत फरक दिसतो, म्हणून मुदत आठ आठवड्यांची. तक्रार फक्त पोटाची असेल तर दोन-चार आठवड्यांतच कळतं. मग जुनं खाणं मुद्दाम परत सुरू करायचं. खाज परत आली तर गुन्हेगार सापडला. मधे एखादा वेगळा तुकडा गेला तर खाज का थांबत नाही याचं उत्तर मिळत नाही आणि डॉक्टर, तुम्ही, मांजर असे तिघेही अंधारात राहता.

भुरीची मान तिसऱ्या आठवड्यात सुकायला लागली आणि चौथ्यात पुन्हा ओली झाली. आम्ही महागडं पाकीट उलटसुलट वाचत बसलो. उलगडा रविवारी झाला. सासूबाई वर्तमानपत्र पसरून सुकट निवडत बसल्या होत्या. डोकी एकीकडे, शेपट्या एकीकडे, आणि कागदाच्या कडेला भुरी, पुढचे पाय पोटाखाली घेऊन, अगदी साळसूद. आईंचा हात न थांबता चालला होता आणि दर चार-पाच डोक्यांमागे एक डोकं कागदाबाहेर सरकत होतं. "अगं, एवढंस्सं तर देते. तिला काय होतंय!" त्यांची चूक नव्हती. पथ्य काय आहे ते आम्ही त्यांना सांगितलं होतं, पण डोकं म्हणजे टाकाऊ, ते कुठे खाण्यात धरायचं!

यावर उपाय रागावण्याचा नाही. मघाचा तो स्टीलचा डबा आम्ही आईंच्याच ताब्यात दिला. आता खाऊ द्यायचा मान त्यांचा. त्या दिवसानंतर घरातला सगळ्यात कडक पहारेकरी त्याच झाल्या.

गळतीच्या आणखी जागा सांगते, यातली एखादी हमखास सुटते. चिकनच्या किंवा बीफच्या चवीच्या जंताच्या गोळ्या. चाटून पोटात गेलेल्या केसांच्या गुंत्यासाठीची माल्ट पेस्ट. मांजरीची टूथपेस्ट. औषधाच्या कॅप्सूलचं जिलेटिनचं कवच. घरातल्या दुसऱ्या मांजरीची वाटी. कामाला येणाऱ्या मावशी. जिन्यात सगळ्या मांजरांना खायला ठेवणारे खालच्या मजल्यावरचे काका. औषधांचं डॉक्टरांना विचारा, बिनचवीचा पर्याय बहुतेकदा असतो.

मग त्या आठवड्यांत खाऊ म्हणून द्यायचं तरी काय?

तेच अन्न, रूप बदलून.

डबाबंद ओलं पथ्याचं अन्न असेल तर वडीसारखं कापा, बोराएवढे तुकडे करा आणि ओव्हनमध्ये १७०-१८० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. कडा कोरड्या, आत मऊ. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर, तेल न घालता, मंद आचेवर. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात, जास्तीचे गोठवा. सगळं अन्न मात्र असं भाजून देऊ नका. भाजण्यात काही जीवनसत्त्वं कमी होतात, म्हणून ही युक्ती खाऊपुरतीच.

फक्त कोरडे दाणे असतील तर मूठभर दाणे मिक्सरमधून काढा, कोमट पाण्यात घट्ट मळा, चपटे करून भाजा. मिक्सरचं भांडं वेगळं ठेवलंत तर उत्तम. आपल्या भांड्यात कालच्या वाटणाचा कांदा-लसूण कुठेतरी चिकटलेला असतोच.

एवढा खटाटोप नको असेल तर दाण्यांवर चमचाभर कोमट पाणी घाला. मांजर चवीआधी वासावर जाते, आणि अंगाच्या उबेइतकं गरम झालं की वास उठतो. किंवा अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये दाणे टाकून द्या. पंज्याने एकेक काढून खाताना तिचा अर्धा तास जातो, तुमचा चहा शांतपणे होतो.

पथ्याच्या पाकिटावरच चिकन लिहिलंय. मग उकडलेलं चिकन का नाही चालत?

हायड्रोलाइज्ड अन्नात चिकनचं (किंवा सोयाचं) प्रथिन इतकं बारीक तोडलेलं असतं की प्रतिकारशक्तीला ते ओळखता येत नाही. उकडल्याने तसं होत नाही. उकडलेलं चिकन तिच्या शरीराच्या लेखी अख्खं चिकनच.

मटण चालेल का?

हा प्रश्न आपल्याकडे विचारण्यासारखा आहे. परदेशी सल्ल्यात ससा, बदक, हरिण असं लिहिलेलं असतं. ते इथे शोधत फिरणं म्हणजे डोकेदुखी. महाराष्ट्रात मटण म्हणजे बहुतेकदा बोकडाचं, आणि बाजारातल्या मांजरीच्या खाण्यात बोकड क्वचितच असतो. म्हणून ज्या मांजरीने घरातलं मटण कधीच खाल्लं नाही तिच्यासाठी ते नवं प्रथिन ठरू शकतं. मात्र तुमच्याकडे दर रविवारी नळीचं हाड तिच्याकडे जात असेल तर तो डाव गेला. गाय, मेंढी, बोकड यांची प्रथिनं एकमेकांच्या जवळची असतात, त्यामुळे एकाची ॲलर्जी असेल तर दुसऱ्याचीही शक्यता राहते. डॉक्टरांनी हो म्हटलं तरच द्या. चरबी काढून, मीठ-हळद काहीही न घालता उकडलेला, बोटाच्या पेराएवढा तुकडा. आणि फक्त मटणावर मांजर ठेवता येत नाही, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं.

पाकिटावर 'डक' लिहिलंय. म्हणजे त्यात चिकन नसणार ना?

मलाही एका दुकानात छातीठोकपणे सांगितलं होतं, "मॅडम, प्युअर डक आहे." घरी येऊन मागची बारीक अक्षरं वाचली: तिसऱ्या क्रमांकावर चिकन लिव्हर, सहाव्यावर फिश एक्स्ट्रॅक्ट.

अमेरिकेतल्या लेबलांचा नियम माहीत असला तर पुष्कळ कोडी सुटतात. तिथे 'विथ डक' लिहायला बदकाचं मांस ३ टक्के असलं तरी पुरतं. 'डक डिनर' किंवा 'डक रेसिपी' म्हणायला २५ टक्के लागतं. 'डक फ्लेवर' असेल तर नुसती ओळखू येण्याइतकी चव आली की झालं. बाकीचं काय ते मागच्या यादीतच बघायचं. 'पोल्ट्री मील', 'मीट अँड ॲनिमल डेरिव्हेटिव्ह्ज', 'ॲनिमल डायजेस्ट' असे मोघम शब्द दिसले की ॲलर्जीच्या मांजरीसाठी पाकीट परत ठेवा. त्यात कोणता प्राणी आहे हे कळायला मार्ग नसतो. आणि साध्या दुकानी खाण्यात लेबलवर नसलेली प्रथिनंही तपासण्यांत अनेकदा सापडली आहेत, कारण एकाच यंत्रावर आधी चिकनचा घाणा निघालेला असतो. त्यामुळे चाचणीच्या आठ आठवड्यांत दुकानातला कोणताच खाऊ नको, 'लिमिटेड इन्ग्रेडियंट' लिहिलेलाही नको.

फ्रीझ-ड्राइड म्हणजे गोठवून वाळवलेलं एकाच मांसाचं पाकीट हा चाचणी संपल्यानंतरचा बरा पर्याय आहे. यादीत एकच शब्द असतो. पण बरंचसं कच्चंच वाळवलेलं असतं, त्यात जंतू जिवंत राहू शकतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या मांजरीला ते देऊ नका, आणि दिल्यावर हात धुवा.

दिवसाला खाऊ किती?

दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपर्यंत, असा सर्वसाधारण दंडक आहे. ४ किलोच्या, घरातच असणाऱ्या मांजरीला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे खाऊला राहिल्या २०.

त्या २० मध्ये काय बसतं? पिळून चाटवायची १४ ग्रॅमची नळी साधारण ६-७ किलोकॅलरीची असते, म्हणजे तीन. कुरकुरीत तुकडे प्रत्येकी दीड-दोनच्या आसपास, म्हणजे दहाबारा. उकडलेलं चिकन १२ ग्रॅम. गाईचं दूध ३० मिलिलिटर. आणि चीजची एक छोटी चौकोनी वडी ६० च्या घरात, म्हणजे तीन दिवसांचा कोटा एका घासात! स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा एकदा वापरून बघा, १२ ग्रॅम चिकन केवढं दिसतं ते पाहून बहुतेकांना धक्का बसतो.

पथ्याचं अन्न औषध म्हणून चालू असेल तर हा १० टक्क्यांचा हिशोबही आपोआप लागू होत नाही. तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच.

दूध तर मांजरीचं अन्नच ना? दही, पनीर, चीज?

गोष्टीतल्या मांजरीचं. खऱ्या मांजरीत पिल्लूपण सरलं की दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी होत जातं. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात, पण खरं तर डोळे मिटून आपण पाजतो आणि मग सकाळी वाळूचा ट्रे बघून नाक मुरडतो. काहींना थोडं दूध पचतं, नाही असं नाही. दह्यात लॅक्टोज जरा कमी, पनीर-चीजमध्ये आणखी कमी. पण पनीरमध्ये चरबी आणि फॉस्फरस, चीजमध्ये वर मीठ. आणि ॲलर्जी दुधाच्या प्रथिनाची असेल तर 'लॅक्टोज-फ्री' दूधही नको. त्यातली साखर मोडलेली असते, प्रथिन तसंच असतं.

सुकट, जवळा, सुके बोंबील, मासळीची डोकी?

कोकणी घरात या प्रश्नाला हात घालणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. तरी लिहिते.

मासळी ही ॲलर्जीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे, हे वर आलंच. ॲलर्जी नसेल आणि मांजर धडधाकट असेल तर न खारवलेल्या बोंबलाचा नखाएवढा तुकडा आठवड्यातून एकदोनदा दिल्याने आभाळ कोसळत नाही. पण सुकी मासळी म्हणजे पाणी काढून आटवलेली मासळी. त्यातलं मीठ, फॉस्फरस सगळं घट्ट झालेलं. सुकट-जवळा तर कवचासकट, बारीक मासे काट्यांसकट खाल्ले जातात, आणि फॉस्फरसचा साठा काट्यांतच असतो. किडनीच्या रुग्णाला म्हणूनच एक कणही नको. हृदयविकार असेल तर मिठापायी नको. खारवलेला बांगडा तर कुठल्याच मांजरीला नको.

कोळणीकडून येणारी कच्ची डोकी हा वेगळा विषय. काही माशांत बी१ जीवनसत्त्व नष्ट करणारं एन्झाइम असतं, ते शिजवल्यावर निकामी होतं. म्हणून द्यायचंच असेल तर शिजवून, काटे काढून. नुसत्या मासळीवर, विशेषतः तेलकट मासळीवर वाढवलेल्या मांजरीत ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते, हात लावला तरी दुखतं. चवीपुरती मासळी आणि जेवण म्हणून मासळी यात हे अंतर आहे.

किडनीचा त्रास आहे. डॉक्टर म्हणाले फॉस्फरस कमी. खाऊचं काय?

आधी टाळायचं सांगते: सुकी मासळी, हाडं, काळीज, चीज, पनीर, आणि ज्या पाकिटाच्या यादीत 'फॉस्फेट' हा शब्द कुठेही आहे ते.

देण्यासारखं म्हणजे अंड्याचा पांढरा भाग, नीट उकडलेला. १०० ग्रॅम पांढऱ्यात फॉस्फरस साधारण १५ मिलिग्रॅम. पिवळ्यात त्याच वजनाला ३९० च्या आसपास. म्हणजे एकाच अंड्यात औषधही आहे आणि अपथ्यही. पांढऱ्याचा सुपारीएवढा तुकडा कुस्करून द्या. कच्चा नको, कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवतं. अंड्याची ॲलर्जी असेल तर अर्थात हेही बाद.

पण किडनीच्या मांजरीत एक गोष्ट पथ्याच्याही वर आहे: तिने खाल्लं पाहिजे. मळमळत असताना नवं पथ्याचं अन्न तोंडापुढे धरलं तर तिला त्याच अन्नाची शिसारी बसते आणि मग ते ती कायमचं नाकारू शकते. भूक मेली असेल तर आधी मळमळीचं औषध, मग पथ्य. काहीच खात नसेल तर "हे चालेल का, ते चालेल का" करत न बसता डॉक्टरांना फोन करा.

मधुमेह आहे. 'शुगर-फ्री' बघून घेऊ का?

साखर नव्हे, एकूण कर्बोदकं बघा, आणि ती पाकिटावर बहुधा लिहिलेली नसतात. स्वतः काढा: प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजं) यांच्या टक्क्यांची बेरीज १०० मधून वजा करा. समजा ३०, १२, ४, १० आणि ८ आहेत. बेरीज ६४, राहिले ३६. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पिठूळ माल, मधुमेही मांजरीसाठी बाद. राख लिहिलेली नसेल तर कोरड्या खाऊत ७-८ धरा. नळीतल्या पातळ खाऊत ९० टक्के पाणीच असतं, म्हणून तिथले आकडे फसवे. पाणी सोडून उरलेल्या १० पैकी प्रथिनं ७ असतील तर ठीक, ३ असतील तर बाकी स्टार्च आहे का ते यादीत बघा.

साधं उकडलेलं चिकन (ॲलर्जी नसेल तर) यात उत्तम बसतं. वेळ मात्र ठरलेली हवी, रोज तीच आणि तेवढंच, कारण इन्सुलिनचा डोस त्या हिशोबाने लागलेला असतो. जेवली नाही तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन देऊ नका. झोकांड्या, एकदम गळून जाणं, थरथर दिसली तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि तसेच दवाखान्यात पळा.

लघवीत खडे झाले होते. आता बोका बरा आहे, मग थोडा खाऊ?

खड्याचं पथ्य लघवीतले क्षार आणि आम्लता एका मर्यादेत ठेवतं. खाऊ त्या मर्यादेला धक्का देतो, आणि तो धक्का कुठल्या दिशेने बसेल हे खडा कोणत्या जातीचा होता यावर असतं. म्हणून पथ्याच्याच कंपनीने त्यासाठी बनवलेला खाऊ किंवा पथ्याच्या अन्नाचेच तुकडे. खरा खाऊ इथे पाणी आहे. पथ्याचं ओलं अन्न पाण्यात पातळ करून 'सूप' म्हणून द्या. चिकन उकडलेलं पाणी देताना त्यात मीठ, कांदा, लसूण काहीही पडलेलं नको.

बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, ओरडतोय आणि लघवी थेंबभरही होत नाही, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघा. मार्ग बंद झालेला बोका एकदोन दिवसांत दगावू शकतो.

थायरॉइड?

कमी आयोडीनचं खास अन्न चालू असेल तर दुसरं काहीच नाही, शून्य. गोळ्यांवर असेल तर एवढं बंधन नसतं.

लठ्ठ झाली आहे. खाऊ बंद आणि जेवण अर्धं केलं तर?

जेवण एकदम तोडू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. वजन महिनोन्‌महिने, हळूहळू उतरवायचं. खाऊचे दाणे दिवसाच्या मापातूनच बाजूला काढा आणि ते एकेक करून खोलीभर फेका, तिला पळू द्या.

आमचं घर शाकाहारी आहे. तिला भाजीपाल्याचा खाऊ चालणार नाही का?

उकडलेल्या लाल भोपळ्याचा अर्धा चमचा बद्धकोष्ठाला कामी येतो, गव्हांकुर खुडायला आवडतात. बाकी नाही. मांजर मांसावरच जगणारा प्राणी आहे. मांसातलं टॉरिन नावाचं पोषक द्रव्य तिला स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो हे १९७५ साली दाखवलं गेलं, आणि हृदयाचा स्नायू कमकुवत होतो हे १९८७ साली. घरात मांस शिजवायचं नसेल तर बंद पाकिटं आणि वेगळी वाटी ठेवा, पुष्कळ घरांत हे निभतं. दहीभातावर मात्र मांजर निभत नाही.

आमटीतलं, रश्श्यातलं चिकन धुऊन दिलं तर?

नको. कांदा-लसणातली द्रव्यं मांजरीच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि ती रश्श्याबरोबर मांसात मुरलेली असतात. धुऊन जात नाहीत. कांद्याची पूड तर ताज्या कांद्याहून तीव्र. चॉकलेट, मनुका-द्राक्षं, दारू, कच्चं आंबवलेलं पीठ हेही त्याच यादीत. मसाला पडायच्या आधी तिचा तुकडा वेगळ्या भांड्यात उकडून घ्या, काम संपलं.

गोळी कशात लपवू?

पथ्याच्याच ओल्या अन्नाच्या गोळीत. पहिली गोळी रिकामी, दुसरीत औषध, तिसरी पुन्हा रिकामी, आणि तिसरी तिला दिसेल अशी हातात धरा. तिच्या घाईत दुसरी गिळली जाते. कोणत्या गोळ्या कुटायच्या नाहीत ते आधी विचारून घ्या. तयार 'पिल पॉकेट' मिळतात, पण त्यांत बहुतेकदा चिकन किंवा गहू असतो.

सगळं सांभाळूनही तिने चोरून खाल्लं. आता चाचणी पहिल्यापासून?

लगेच शून्यावर येऊ नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा: काय खाल्लं, किती, आणि पुढचे चौदा दिवस खाज किंवा शी कशी होती. आमच्या कॅलेंडरवर भुरीच्या आठ आठवड्यांत तीन चौकोन भरले: सुकटीची डोकी, पाहुण्यांच्या मुलाने दिलेला ऑम्लेटचा तुकडा आणि एक पाल. पालीचं काय करायचं हे मी डॉक्टरांना खरोखरच विचारलं. ते म्हणाले, लिहा तेही. मुदत किती वाढवायची ते मग त्यांनी त्या नोंदी बघून ठरवलं. आमची दोन आठवड्यांनी वाढली.